निकाल न्यायालयात नेताना: निवडणूक याचिकेचे ४५ दिवस

मतमोजणी संपून विजयी उमेदवाराच्या हाती प्रमाणपत्र पडलं की पराभूत बाजूच्या कार्यालयात दोन गोष्टी एकदम सुरू होतात: संताप आणि वकिलांना फोन. संतापाला मुदत नसते, याचिकेला असते. ४५ दिवस. बऱ्याच निवडणूक याचिका साक्षीपुराव्यापर्यंत पोचतच नाहीत, पहिल्या काही सुनावण्यांतच फेटाळल्या जातात. न्यायाधीशांनी पुरावा तोलून तो अपुरा ठरवला, असं तिथे झालेलं नसतं. कागद वेळेत गोळा झाले नाहीत, किंवा मसुद्यात आकडे आणि तपशीलच नव्हते, म्हणून हे घडतं. खरोखर अन्याय झालेल्या माणसाची याचिकाही अशीच जाते, आणि हे टाळता येण्यासारखं आहे.

इथे मुख्यतः विधानसभा आणि लोकसभेच्या निकालांचा विचार केला आहे.

आधी योग्य दार

संविधानाच्या कलम ३२९ (ब) नुसार संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या निवडणुकीला फक्त निवडणूक याचिकेनेच आव्हान देता येतं. १९५२ मध्ये पोन्नुस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 'निवडणूक' या शब्दाचा अर्थ अधिसूचनेपासून निकालापर्यंतची सगळी प्रक्रिया असा लावला. त्यामुळे उमेदवारी अर्ज चुकीने फेटाळला गेला तरी मध्येच उच्च न्यायालयात रिट (संविधानाखालचा थेट अर्ज) करून निवडणूक थांबवता येत नाही. निकाल लागू द्यायचा आणि मग याचिका करायची.

तरीही दर निवडणुकीनंतर रिट दाखल होतातच. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत संध्याकाळी ६ नंतर झालेल्या मतदानावर आक्षेप घेणारी रिट याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये फेटाळली. तोपर्यंत निवडणूक याचिकेची मुदत कधीच उलटून गेली होती. रिटमध्ये गेलेले दिवस याचिकेच्या मुदतीतून वजा होत नाहीत.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ८०अ प्रमाणे अधिकार उच्च न्यायालयाला आहेत. महाराष्ट्रात मतदारसंघानुसार मुंबई, नागपूर, औरंगाबाद किंवा (ऑगस्ट २०२५ पासून) कोल्हापूर इथल्या पीठाकडे जावं लागतं, गोव्यासाठी पणजी-पर्वरीचं खंडपीठ आहे. आपला जिल्हा कोणत्या खंडपीठाखाली येतो, हे पहिल्याच आठवड्यात रजिस्ट्रीत, म्हणजे न्यायालयाच्या कार्यालयात, विचारून घ्या.

स्थानिक स्वराज्य संस्थांचे कायदे वेगळे आणि मुदती फार आखूड आहेत. ग्रामपंचायतीसाठी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १५ खाली निकालापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशांकडे अर्ज करावा लागतो. मुंबई महापालिकेसाठी लघुवाद न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि मुदत १० दिवस. ४५ दिवसांचा आकडा डोक्यात ठेवून सरपंचपदाची किंवा नगरसेवकाची केस करायला निघालात, तर दाराशी पोचण्याआधीच ती संपलेली असेल.

याचिका मतमोजणीच्या टेबलावर सुरू होते

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे नमुना १७ सी. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष त्याचा पहिला भाग भरतात: कंट्रोल युनिटचा (मतदान यंत्रात मतं साठवणाऱ्या भागाचा) क्रमांक, यादीतले एकूण मतदार, मतदान नोंदवहीप्रमाणे मतदान केलेले, मशिनमध्ये नोंदलेली एकूण मतं, सीलचे क्रमांक. त्याची साक्षांकित प्रत हजर असलेल्या मतदान प्रतिनिधीला द्यावी, असं निवडणूक संचालन नियम, १९६१ सांगतात. प्रतिनिधी ती न घेता घरी जातात, किंवा घेतात आणि ती खिशातच राहते. त्याच रात्री सगळ्या केंद्रांच्या प्रती एकत्र करून, केंद्र क्रमांकानुसार लावून, स्कॅन करून ठेवा. ज्या केंद्राची प्रत मिळाली नाही, तिथल्या प्रतिनिधीकडून कारण लिहून घ्या.

मोजणीच्या दिवशी प्रत्येक टेबलावरच्या प्रतिनिधीकडे त्या टेबलावर येणाऱ्या केंद्रांच्या १७ सी प्रती हव्यात. मशिन आलं की आधी कंट्रोल युनिटचा क्रमांक, मग सील, मग 'टोटल' दाबल्यावर दिसणारा आकडा जुळवायचा. आकडा जुळला नाही, तर त्याच क्षणी तोंडी आक्षेप आणि पाठोपाठ लेखी अर्ज. असं होण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे सकाळच्या अभिरूप मतदानाची, म्हणजे मॉक पोलची, मतं केंद्राध्यक्षांनी पुसलेलीच नसतात. अशी मशिन निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे बाजूला ठेवली जातात, आणि विजयाचं अंतर त्या केंद्रांवरच्या एकूण मतांएवढं किंवा त्याहून कमी असेल, तरच तिथल्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत देताना छापल्या जाणाऱ्या) मोजल्या जातात. म्हणून बाजूला ठेवलेल्या मशिनची यादी तुमच्याकडे असायलाच हवी.

उमेदवारवार आकडे १७ सी च्या दुसऱ्या भागात उतरतात आणि तिथून नमुना २० या अंतिम निकालपत्रकात जातात. खरी चूक बऱ्याचदा या उतरवण्यात होते. हरियाणाच्या पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावची २०२२ ची सरपंच निवडणूक आठवा. ६९ क्रमांकाच्या केंद्रावर दोन उमेदवारांचे आकडे एकमेकांच्या नावापुढे लागल्याचा आक्षेप होता. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात सहाही केंद्रांची मशिन मोजली गेली, आणि पराभूत ठरलेला उमेदवार १,०५१ विरुद्ध १,००० अशा ५१ मतांनी विजयी निघाला. त्याच्याकडे केंद्राचा नेमका क्रमांक आणि नेमकी तक्रार होती.

फेरमोजणी मागायची वेळ अगदी अरुंद असते. निवडणूक संचालन नियमांतल्या नियम ६३ प्रमाणे निवडणूक निर्णय अधिकारी एकूण मतं जाहीर करतात, त्यानंतर आणि नमुना २० वर सही होण्याआधी लेखी अर्ज द्यावा लागतो. अर्जात कोणती केंद्रं, कोणत्या फेऱ्या, कोणत्या टपाली मतपत्रिका आणि कारण काय, हे लिहा. 'अंतर कमी आहे म्हणून फेरमोजणी करा' एवढंच लिहिलेला अर्ज टिकत नाही. अर्ज फेटाळला तर अधिकाऱ्याने कारणं लिहायची असतात, त्या आदेशाची प्रत तिथल्या तिथे मागा. टपाली मतांबाबत आयोगाची सूचना अशी आहे, की अवैध ठरवलेल्या टपाली मतांची संख्या विजयाच्या अंतरापेक्षा जास्त असेल, तर ती सगळी बाद मतं पुन्हा तपासायची. याची आठवण करून देणारा लेखी अर्ज खिशात तयार ठेवा. व्हीव्हीपॅट चिठ्ठ्यांची मोजणी नियम ५६ ड खाली मागता येते, आणि मशिनच्या व चिठ्ठ्यांच्या आकड्यात फरक पडला तर चिठ्ठ्यांचा आकडा ग्राह्य धरला जातो.

मोजणी केंद्रात गोंगाट असतो, पोलीस असतात, बाहेर विरोधकांचे फटाके वाजत असतात. अशा वेळी कागद लिहायला दोन शांत डोक्याची माणसं केवळ त्यासाठीच नेमा.

पहिले ७ दिवस: मशिनची तपासणी

२६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना एक मार्ग दिला. निवडणुकीच्या निकालानंतर ७ दिवसांत लेखी अर्ज केला, तर विधानसभा मतदारसंघातल्या (लोकसभेला प्रत्येक विधानसभा विभागातल्या) ५ टक्के मशिनची मेमरी किंवा मायक्रोकंट्रोलर उत्पादक कंपनीचे अभियंते तपासतात. मशिन कोणती, ते अर्जदार केंद्राच्या किंवा मशिनच्या क्रमांकाने सांगतो. खर्च अर्जदाराचा, छेडछाड आढळली तर परत मिळतो. शुल्क आणि तपासणीची पद्धत आयोग ठरवतो आणि त्यात बदल झाले आहेत, म्हणून अर्ज करण्याआधी जिल्हा निवडणूक कार्यालयातून चालू आदेशाची प्रत घ्या. या अर्जामुळे याचिकेची मुदत थांबत नाही. दोन्ही कामं समांतर चालवायची.

४५ दिवस कसे मोजायचे

लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम ८१ प्रमाणे (पुढची नुसती कलमंही याच अधिनियमाची) विजयी उमेदवाराच्या निवडीच्या तारखेपासून ४५ दिवसांत, पण त्या तारखेच्या आधी नाही. निकालाचा दिवस सोडून मोजा. २०२४ च्या विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबरला लागला, तेव्हा शेवटचा दिवस होता ७ जानेवारी २०२५. मध्ये नाताळची सुट्टी आली, पण तिचे दिवस वाढवून मिळत नाहीत. उशीर माफ करण्याची मुदत कायद्याच्या कलम ५ ची सोय इथे लागू होत नाही, हे हुकुमदेव नारायण यादव प्रकरणात पाच दशकांपूर्वीच ठरलं आहे. आजारपण, पूर, वकिलाचा अपघात, कुठलंच कारण चालत नाही. पंचेचाळिसाव्या दिवसाचा भरवसा धरू नका. तिसाव्या दिवशी मसुदा पूर्ण आणि चाळिसाव्या दिवशी याचिका दाखल, असं वेळापत्रक ठेवलं तर रजिस्ट्रीचे आक्षेप दूर करायला जागा राहते.

याचिका कोण करू शकतो? त्या निवडणुकीतला कोणताही उमेदवार, किंवा त्या मतदारसंघात मत द्यायला पात्र असलेला कोणताही मतदार. त्याने प्रत्यक्ष मत दिलं होतं की नाही, याला महत्त्व नाही.

कागद कुठून मिळवायचे

निकालाच्या दुसऱ्याच दिवशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे प्रमाणित प्रतींसाठी अर्ज द्या: नमुना २०, सर्व केंद्रांचे १७ सी चे दोन्ही भाग, विजयी उमेदवाराचं नामनिर्देशनपत्र आणि त्यासोबतचं नमुना २६ मधलं शपथपत्र, छाननीचे आदेश, तुमचे फेरमोजणीचे अर्ज व त्यांवरचे आदेश. खर्चाचा मुद्दा असेल तर विजयी उमेदवाराने ३० दिवसांच्या आत सादर करायचा खर्चाचा हिशेब, आणि आयोगाच्या पथकांनी ठेवलेली त्याची छाया नोंदवही. प्रत्येक अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. प्रत वेळेत मिळाली नाही, तर तो शिक्काच न्यायालयात तुमच्या बाजूने बोलतो.

मतदार नोंदवही (१७ ए), चिन्हांकित मतदार यादी, मतपत्रिका हे सीलबंद असतं. नियम ९३ प्रमाणे न्यायालयाच्या आदेशाशिवाय ते उघडत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये याच नियमात बदल होऊन इलेक्ट्रॉनिक नोंदी खुल्या तपासणीतून वगळल्या गेल्या. आणि ३० मे २०२५ च्या आयोगाच्या सूचनेनुसार सीसीटीव्ही आणि वेबकास्टिंगचं चित्रीकरण, याचिका दाखल झाली नसेल तर, ४५ दिवसांनी नष्ट करता येतं. म्हणून ज्या केंद्रांवर आक्षेप आहे, त्यांच्या क्रमांकांसह 'हे चित्रीकरण जपून ठेवा' असं पत्र पहिल्याच आठवड्यात निवडणूक निर्णय अधिकारी, जिल्हा निवडणूक अधिकारी आणि मुख्य निवडणूक अधिकारी या तिघांना पाठवा. याचिका दाखल होताच त्याची प्रत आणि क्रमांक त्यांना कळवा, आणि पहिल्याच सुनावणीला जतन करण्याचा आदेश मागा.

चित्रीकरण हाती आलं म्हणून काम संपत नाही. याचा महाराष्ट्रातला धडा जालन्याचा आहे. २०१४ मध्ये अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा २९६ मतांनी पराभव केला. खोतकरांचं नामनिर्देशनपत्र शेवटच्या दिवशी दुपारी ३ ची वेळ उलटल्यावर स्वीकारलं गेलं, असा याचिकेतला मुद्दा होता, आणि तो सिद्ध करण्यासाठी निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण पुढे आलं. मागणी करूनही अधिकाऱ्यांनी त्या चित्रीकरणाचं प्रमाणपत्र दिलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला सांगितलं की पुरावा कायद्याच्या कलम ६५ब (४) चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतचं प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र पक्षकाराने शक्य ते सगळं करूनही संबंधितांनी ते दिलं नसेल, तर त्याला त्याची शिक्षा देता येणार नाही. 'शक्य ते सगळं' म्हणजे काय? लेखी मागण्या आणि न्यायालयाकडे केलेले अर्ज. ते रेकॉर्डवर होते, म्हणून केस टिकली.

आता त्या कलमाची जागा भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने घेतली आहे. प्रमाणपत्राचा नमुना अनुसूचीत आहे: भाग अ यंत्र ज्याच्या ताब्यात होतं त्याने, भाग ब तज्ज्ञाने भरायचा, आणि फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, लिहायची. कार्यकर्त्याने मोबाईलवर काढलेला पैसेवाटपाचा व्हिडिओ असेल, तर तो मोबाईल जसाच्या तसा बाजूला ठेवा. व्हॉट्सअपवरून फिरत आलेल्या प्रतीची हॅश मूळ फाईलशी जुळत नाही, आणि मूळ चित्रीकरण करणारा साक्षीला आला नाही तर व्हिडिओचा उपयोग शून्य.

कारण निवडा, आणि आकडेमोड करा

निवड रद्द होण्याची कारणं कलम १०० मध्ये आहेत आणि त्यांचे दोन गट पडतात. पहिल्या गटात कारण सिद्ध झालं की पुरे: विजयी उमेदवार निवडीच्या तारखेला अपात्र होता, त्याने, त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने कोणी भ्रष्ट आचरण (लाच, धर्माच्या नावावर मतं मागणं यांसारखं) केलं, कोणाचंही नामनिर्देशनपत्र चुकीने फेटाळलं गेलं. दुसऱ्या गटात, म्हणजे कलम १०० (१) (ड) खाली, त्या गोष्टीमुळे निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला, हेही दाखवावं लागतं: चुकीने स्वीकारलेलं नामनिर्देशनपत्र, चुकीने घेतलेली किंवा नाकारलेली मतं, संविधानाचा, कायद्याचा किंवा नियमांचा भंग.

बऱ्याच याचिका या 'परिणामा'वर अडखळतात. समजा विजयाचं अंतर २१० आहे आणि तुमच्याकडे १४० बोगस मतदारांची यादी आहे. सगळी मतं विजयी उमेदवाराला गेली असं धरलं, तरी निकाल बदलत नाही. इथे याचिका करू नका. यादी ४०० ची असेल तर पुढचा प्रश्न येतो: ती मतं कोणाला गेली? मशिनमधलं मत मतदाराशी जोडता येत नाही आणि कलम ९४ प्रमाणे कोणाला मत दिलं हे सांगायची सक्ती साक्षीदारावर करता येत नाही. हे ओझं जवळपास अशक्य असलं तरी कायदा तेच मागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने मणिपूरच्या पाओकाई हाओकिप प्रकरणात १९६८ ला मान्य करूनही शिथिल केलं नाही. हा कायदा बदलायला हवा असं प्रामाणिकपणे वाटतं, पण आज याचिका लिहायची ती आजच्या कायद्यावर.

२०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिममध्ये रवींद्र वायकर यांना ४,५२,६४४ आणि अमोल कीर्तिकर यांना ४,५२,५९६ मतं पडली. अंतर ४८. कीर्तिकरांच्या याचिकेत ३३३ प्रदत्त मतांचा मुद्दा होता. मतदार केंद्रावर पोचतो तेव्हा त्याच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलेलं असतं, मग त्याला वेगळी मतपत्रिका मिळते आणि ती मोजली जात नाही, तीच ही प्रदत्त मतं. वरवर पाहता ३३३ हा आकडा ४८ च्या कितीतरी वर आहे. तरीही १९ डिसेंबर २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने याचिका सुरुवातीलाच फेटाळली, कारण निकालावर परिणाम कसा झाला याची ठोस तथ्यं मसुद्यात नव्हती. तुमच्या केसमध्ये प्रदत्त मतं असतील तर केंद्रवार आकडा, यादीतला अनुक्रमांक, कोणत्या मतदाराला प्रदत्त मतपत्रिका दिली गेली, आणि त्या केंद्रावरच्या मतविभागणीचा अंतराशी लागणारा हिशेब, एवढं सगळं याचिकेतच हवं. साक्षीत सांगू म्हणून चालत नाही. राजस्थानच्या नाथद्वारात २००८ ला सी. पी. जोशी एका मताने हरले, आणि त्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बजावलं की मसुद्यात नसलेल्या मुद्द्यावर पुरावा घेता येत नाही.

शपथपत्रातल्या लपवालपवीवर याचिका करणार असाल, तर लपवलेली गोष्ट किती मोठी आहे ते आधी तपासा. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२४ च्या कारिखो क्री निकालात, प्रत्येक जंगम वस्तू न दाखवणं म्हणजे गंभीर दोष होत नाही, असं ठरलं. प्रलंबित गुन्हा किंवा मोठी मालमत्ता लपवणं वेगळं. खर्चाच्या मुद्द्यावर हिशेब खोटा आहे एवढं पुरत नाही, मर्यादा ओलांडली हे दाखवावं लागतं. केवळ आचारसंहितेचा भंग हे निवड रद्द करण्याचं कारण नाही.

भ्रष्ट आचरणाचा आरोप करताना हात आखडता ठेवा. तो जवळपास फौजदारी गुन्ह्याच्या कसोटीने सिद्ध करावा लागतो. भाषणाबद्दल असेल तर तारीख, जागा, वक्ता, नेमके शब्द आणि उमेदवाराची संमती. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत रमेश प्रभू यांची निवड धर्माच्या नावावर मतं मागितल्यामुळे रद्द झाली आणि ती डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम राहिली. तिथे २९ नोव्हेंबर, ९ डिसेंबर आणि १० डिसेंबर १९८७ अशा तीन नेमक्या सभांमधली भाषणं समोर होती. त्याच दिवशी मनोहर जोशींच्या दादरच्या निवडणुकीबाबत मात्र उच्च न्यायालयाचा निवड रद्द करणारा निकाल फिरवला गेला. 'प्रचारात धर्माचा वापर झाला' असं मोघम वाक्य कुठेच पोचत नाही.

मसुदा आणि दाखल करणं

कलम ८३ दोन गोष्टी मागतं. महत्त्वाची तथ्यं थोडक्यात, आणि भ्रष्ट आचरण असेल तर त्याचा पूर्ण तपशील: कोणी, केव्हा, कुठे. तपशील नंतर दुरुस्त करता येतो, पण नवीन आचरण जोडता येत नाही, आणि महत्त्वाचं तथ्य सुटलं तर ४५ दिवसांनंतर ते आत घेता येत नाही. मसुद्याची एक चाचणी करून पाहा. प्रत्येक आरोपापुढे समासात केंद्र क्रमांक, तारीख, माणूस, कागदाचा निशाणी क्रमांक आणि मतांचा आकडा लिहायचा प्रयत्न करा. समास रिकामा राहिला तो परिच्छेद काढून टाका.

सत्यापनात, म्हणजे मजकूर खरा असल्याच्या सहीनिशी निवेदनात, कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीवर आणि कोणते इतरांकडून कळलेल्या माहितीवर आहेत, ते वेगळं सांगा. भ्रष्ट आचरणाचा आरोप असेल तर नमुना २५ मधलं शपथपत्र जोडा. जोडपत्रांवरही सही आणि सत्यापन लागतं, हे नेहमी राहून जातं.

पक्षकार ठरवण्यात चूक झाली तर याचिका गेलीच. फक्त निवड रद्द मागत असाल तर विजयी उमेदवार पुरतो. 'मला विजयी घोषित करा' असंही मागितलंत, तर लढलेले सगळे उमेदवार प्रतिवादी करावे लागतात, डिपॉझिट गेलेले अपक्षसुद्धा. ज्या उमेदवारावर भ्रष्ट आचरणाचा आरोप आहे तोही प्रतिवादी हवाच, मग त्याने अर्ज मागे घेतलेला असला तरी. ही दुसरी मागणी करण्याआधी विचार करा: ती केली की कलम ९७ खाली विजयी उमेदवाराला तुमच्यावर उलट आरोप करण्याचा हक्क मिळतो. तुमची मागणी नसेल तर तो मिळत नाही.

दाखल करायच्या दिवशीची तयारी:

- जितके प्रतिवादी तितक्या प्रती. प्रत्येक प्रतीवर 'खरी प्रत' असं लिहून याचिकाकर्त्याची स्वतःची सही. वकिलाची सही चालत नाही.
- कलम ११७ प्रमाणे २,००० रुपयांची अनामत उच्च न्यायालयात भरल्याची पावती. रक्कम लहान, पण चुकली तर याचिका फेटाळणं न्यायालयाला बंधनकारक.
- याचिकाकर्ता स्वतः हजर. वकिलाने एकट्याने सादर करणं पुरेसं नाही, हे श्रीराम रेड्डी प्रकरणात २००९ ला ठरलं आहे.
- पेन ड्राइव्ह, फोटो, नकाशे असतील तर तेही प्रत्येक प्रतीसोबत.

कलम ८१, ८२ आणि ११७ मधली त्रुटी कलम ८६ प्रमाणे थेट याचिकेचा शेवट करते. नमुना २५ च्या शपथपत्रातला दोष मात्र दुरुस्त करता येतो, हे २०१३ च्या सिद्धेश्वर निकालापासून स्पष्ट आहे.

दाखल झाल्यावर

विजयी उमेदवाराचा पहिला अर्ज जवळजवळ नेहमीच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम ११ खाली असतो: याचिकेत दाव्याचं कारणच नाही, ती फेटाळा. याचं उत्तर फक्त याचिकेच्या मजकुरातून द्यावं लागतं, तुमच्या लेखी खुलाशातून नाही. तिथून पुढे गेलात तर कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), मुद्दे, साक्षी. अधिकाऱ्यांना साक्षीला बोलावण्याचा आणि सीलबंद कागद मागवण्याचा अर्ज वेगळा करावा लागतो, आणि फेरमोजणीची मागणी 'शोधून पाहू काही सापडतं का' अशा स्वरूपाची वाटली तर ती नाकारली जाते.

कलम ८६ (७) म्हणतं की सहा महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात वर्षं जातात. जालन्याची निवडणूक २०१४ ची, उच्च न्यायालयाचा निकाल नोव्हेंबर २०१७ चा, सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा. तोवर ती विधानसभाच संपली होती. सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीतून आलेल्या अभिराम सिंह प्रकरणात घटनापीठाचा निकाल २ जानेवारी २०१७ ला लागला. केनियाच्या संविधानात अध्यक्षपदाच्या निकालाला ७ दिवसांत आव्हान आणि १४ दिवसांत निर्णय अशी सक्ती आहे. १ सप्टेंबर २०१७ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षीय निवडणूक रद्द केली, तेव्हा वादाच्या केंद्रस्थानी आपल्या १७ सी सारखाच केंद्रावरचा नमुना ३४ ए होता. आपल्याकडे अशी मुदत नसल्याने रोजच्या रोज सुनावणीचा आग्रह याचिकाकर्त्यालाच धरावा लागतो. कलम ८६ (६) चा आधार देऊन प्रत्येक तारखेला लेखी मागणी करा, आणि आपल्या बाजूने एकही तहकुबी मागू नका.

उच्च न्यायालयाच्या आदेशावर कलम ११६अ खाली ३० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येतं. निवड रद्द झाली तरी विजयी उमेदवाराला स्थगिती मिळू शकते, जालन्यात डिसेंबर २०१७ मध्ये मिळाली होती. त्यामुळे अपिलाची मुदत सुरू होताच सर्वोच्च न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये अशी सूचना, दाखल करा.

मध्येच तडजोड झाली म्हणून याचिका गुपचूप मागे घेता येत नाही. कलम १०९ प्रमाणे न्यायालयाची परवानगी लागते, मागे घेण्याच्या अर्जाची सूचना प्रसिद्ध होते, आणि दुसरा पात्र माणूस पुढे येऊन तीच याचिका चालवू शकतो. ज्यांच्या सह्या, साक्षी आणि चित्रीकरण घेऊन तुम्ही उभे राहिलात, त्या केंद्रावरच्या प्रतिनिधींना आणि मतदारांना हे आधीच सांगून ठेवा.